बी.ए.ला अर्थशास्त्र घेताय? मग मायनर आणि गणित आधी ठरवा

बारावीचा निकाल लागला की दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुठल्याही कॉलेजच्या प्रवेशखिडकीसमोर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, इकॉनॉमिक्स लिहिलं, आता मायनरच्या, म्हणजे जोडविषयाच्या, रकान्यात काय लिहू? बहुतेक वेळा शेजारची मैत्रीण जे लिहिते तेच लिहिलं जातं आणि फॉर्म आत सरकतो.

मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातली. बी.ए. दापोलीत केलं, एम.ए. मुंबई विद्यापीठात कालिन्याला, आणि आता आमच्याच जिल्ह्यात पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत मुलांना समोर बसवून जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मेजरचे पेपर वर्गातल्या सगळ्यांना सारखेच असतात. तीन वर्षांनी दोन मुलांमध्ये जो फरक दिसतो, तो त्यांनी अर्थशास्त्राच्या सोबत काय शिकून घेतलं यातून येतो. म्हणून मायनर विचार करून घ्या, आणि गणिताला पहिल्याच वर्षी हात घाला.

आधी क्रेडिटचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, म्हणजे 4 क्रेडिटचा पेपर 60 तासांचा. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला 160 ते 176. एकूण क्रेडिटपैकी किमान निम्मी मेजरची असावी लागतात. मायनरची 18 ते 20, आणि ती पहिल्या तीन वर्षांतच पुरी करायची. बाकीच्यात ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई, कौशल्याचे कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेलं काम, ऑन जॉब ट्रेनिंग असं बरंच काही येतं. प्रत्येकाचा आकडा पाठ करायची गरज नाही. कॉलेज स्वायत्त असेल तर मांडणी थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या कॉलेजचा त्या वर्षीचा तक्ता ऑफिसातून मागून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

दर सेमिस्टरचा निकाल लागला की त्या तक्त्यावर मिळालेली क्रेडिट पेनाने खोडत जा. पाचव्या सेमिस्टरला एखादी मुलगी येते आणि म्हणते, मॅडम, माझा दुसऱ्या सेमिस्टरचा 2 क्रेडिटचा कोर्स राहिलाय हे मला माहीतच नव्हतं. त्या 2 क्रेडिटवर पदवी अडते. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं, म्हणजे मिळालेली क्रेडिट जमा राहतात ते ऑनलाइन खातं, पहिल्याच महिन्यात उघडा. आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव तंतोतंत जुळतं का, तेही तेव्हाच पाहा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांचं असतं. शेवटच्या वर्षी ते दुरुस्त करत बसणं फार त्रासाचं होतं.

एक वर्ष करून थांबलात तर सर्टिफिकेट मिळतं, दोन वर्षांनी डिप्लोमा. पण त्यासाठी 4 जादा क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप करावी लागते. घरच्या अडचणीने मध्येच थांबावं लागलं तर हा मार्ग आहे हे लक्षात असू द्या. आमच्याकडे मुलींची लग्नं मध्येच ठरतात, मुलगे मुंबईला कामाला जातात. कमावलेली क्रेडिट खात्यात राहतात, परत येऊन पुढचं करता येतं. हे घरी समजावून सांगा, कारण घरच्यांना ते माहीत नसतं.

मायनर

मायनर मेजरच्याच शाखेतला घेता येतो किंवा दुसऱ्या शाखेतलाही. नियमाने दार उघडं आहे. प्रत्यक्षात छोट्या कॉलेजात जे शिक्षक आहेत आणि टाइमटेबलात जे बसतं तेवढेच पर्याय असतात. म्हणून माहितीपत्रक वाचून निर्णय घेऊ नका, टाइमटेबल पाहून घ्या. भूगोलाचं प्रॅक्टिकल आणि अर्थशास्त्राचा तास एकाच वेळी पडत असेल तर वर्षभर एकात गैरहजेरी लागेल. विभागात जाऊन सरळ विचारा: हा मायनर सहाही सेमिस्टर चालतो का? शिक्षक कायमचे आहेत की तासिका तत्त्वावरचे? गेल्या वर्षी किती मुलं होती? असं विचारायला संकोच करू नका. तुमची तीन वर्षं त्यात जाणार आहेत.

आता कुठला घ्यावा. मी मुलांना आधी विचारते, अर्थशास्त्र घेऊन तुला कुठे जायचंय? उत्तर नसेल तरी चालतं, पण तिथून सुरुवात करायची.

एम.ए.ला चांगल्या संस्थेत जायचं असेल, पुढे संशोधन, रिझर्व्ह बँक, नाबार्ड, इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस असं काही मनात असेल तर गणित किंवा संख्याशास्त्र. कॉलेजात विज्ञान शाखा असेल आणि ते मायनर म्हणून देत असतील तर डोळे मिटून घ्या. कला शाखेच्या मुलीला गणिताच्या वर्गात पहिले दोन महिने जड जातं. तिसऱ्या महिन्यात ती बाकीच्यांबरोबर असते. हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

बँक, पतसंस्था, कराचं काम, किंवा घरचा आंबा-काजूचा धंदा पुढे न्यायचा असेल तर वाणिज्य शाखेतलं लेखाशास्त्र. ताळेबंद वाचता न येणारा अर्थशास्त्राचा पदवीधर जिल्हा बँकेच्या मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो.

स्पर्धा परीक्षा करणारे राज्यशास्त्र घेतात आणि ते बरोबर आहे. राज्यघटना, पंचायत राज, वित्त आयोग हे दोन्हीकडून भेटतं. इतिहासही चालतो, पण ‘सोपा आहे, मार्क पडतात’ एवढ्यासाठी नको. मार्क पडतील, हातात काही उरणार नाही.

कोकणातल्या मुलांना मी सर्वांत जास्त आग्रह भूगोलाचा करते. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक आर्थिक प्रश्न जमिनीला, पाण्याला आणि अंतराला चिकटलेला आहे. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यात वाडीवर टँकर का येतो, जांभ्या दगडाच्या सड्यावर कलमं लागतात पण भात का नाही, बंदरात गाळ साचला की मच्छीमाराचा डिझेलचा खर्च कसा वाढतो, हे नुसत्या आलेखांनी कळत नाही. भूगोलात नकाशे करायला शिकवतात, जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे करायची, सॉफ्टवेअर शिकवतात. क्यूजीआयएस हे तर मोफत आहे. गावाचा नकाशा घेऊन त्यावर विहिरी, बागा, रस्ते टाकता येणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी ग्रामविकासाच्या कुठल्याही कामात लागतो.

समाजशास्त्र, मानसशास्त्र, मराठी हे विषय मनापासून आवडत असतील तर जरूर घ्या. मायनर तीन वर्षं सोबत राहणार असतो, आणि मन नसेल तर 18 क्रेडिट ओझं होतात. पण मग गणिताची सोय दुसरीकडून करावी लागेल, आणि ती ओईतून होते.

ओई मेजरच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. त्याचा फायदा उठवा. विज्ञानवाल्यांनी ठेवलेला मूलभूत गणिताचा, सांख्यिकीचा, स्प्रेडशीटचा किंवा प्रोग्रामिंगचा कोर्स दिसला की तो घ्या. काहीच नसेल तर सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या स्वयम पोर्टलवर पाहा. ठरावीक मर्यादेपर्यंत तिथली क्रेडिट आपल्या पदवीत धरता येतात, मात्र कोर्सला नाव घालण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. कोर्स घरून करता येतो, पण त्याची परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि ते केंद्र गावाजवळ असेलच असं नाही.

गणिताची भीती

आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी दहावीनंतर गणित सोडलेलं असतं. त्यांना वाटतं अर्थशास्त्र म्हणजे व्याख्या आणि टिपा. बारावीपर्यंत तसं निभावतंही. पदवीला तिसऱ्या सेमिस्टरपासून जमिनीला खड्डे पडायला लागतात, आणि एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेला तर सरळ दरीच. पदव्युत्तर प्रवेशासाठीची आयआयटीची जॅम परीक्षा 2021 पासून अर्थशास्त्रातही होते. तिचा अभ्यासक्रम पाहा: सूक्ष्म, स्थूल, भारतीय अर्थव्यवस्था, आणि त्यांच्या बरोबरीने संख्याशास्त्र आणि गणित.

पहिल्या वर्षाच्या मे महिन्याच्या सुट्टीत पुढचं एवढं करा. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, अकरावीचं अर्थशास्त्रासाठीच्या सांख्यिकीचं पुस्तकही आहे. सगळं करायचं नाही. फंक्शन आणि आलेख, सरळ रेषेचं समीकरण, चढ म्हणजे काय, लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, कमाल-किमान काढणं, साधी मॅट्रिक्स, संभाव्यता. एवढंच, पण हाताने, कागदावर, उदाहरणं सोडवून. व्हिडिओ बघून गणित येत नाही. रोज एक तास, आणि तो सकाळचा, घरात आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आधी.

गणित अर्थशास्त्रात कशाला लागतं ते एका झाडावरून सांगते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली, सगळीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा मोठा वाद झाला की भरपाई हेक्टरी द्यायची की झाडामागे. पोफळ लावली की सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं जातात, आणि मग ते झाड पुढे कित्येक वर्षं देत राहतं. मग आज पडलेल्या झाडाची किंमत किती? त्या वर्षीच्या सुपारीची, की पुढच्या सगळ्या वर्षांच्या सुपारीची? पुढची धरायची तर ती आजच्या पैशांत आणावी लागते. सात वर्षांनी मिळणारे 1000 रुपये 8 टक्के दराने आजचे सुमारे 583 रुपये होतात: 1000 भागिले 1.08 चा सातवा घात. हा भागाकार ज्याला येतो तो पंचनाम्याच्या वेळी तलाठ्यासमोर बागायतदाराची बाजू आकड्यांत मांडू शकतो. ज्याला येत नाही तो फक्त ‘मदत कमी आहे’ एवढं म्हणू शकतो. दोघांचं म्हणणं खरं असतं, ऐकलं जातं पहिल्याचं.

आपल्या कोटळूकचे गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवत आणि त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं होतं. 1902 साली केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर ते बोलायला उभे राहिले, तेव्हा सरकार शिलकीचं कौतुक करत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की ही शिल्लक म्हणजे गरिबाकडून जास्त वसूल केलेला कर आहे, आणि मिठावरचा कर कमी करा अशी मागणी केली. 1903 मध्ये तो कमी झाला. गुहागर तालुक्यातल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

बंदरावरचा आणि बागेतला अभ्यास

पुस्तकातली उदाहरणं बहुतेक पेन, वही, चहा, कॉफीची असतात. ती सोडू नका, परीक्षेला लागतात. पण प्रत्येक संकल्पनेला आपल्याकडचं एक उदाहरण वहीत लिहा, आकड्यांसकट. आकडे मानलेले असले तरी चालतील, गणित बरोबर हवं.

मागणीची लवचिकता घ्या, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. संध्याकाळी हर्णै बंदरावर होड्या लागतात आणि वाळूवर लिलाव होतो. समजा एके दिवशी बांगड्याच्या 100 टोपल्या आल्या आणि टोपलीला 1000 रुपये मिळाले, एकूण 1 लाख. दुसऱ्या दिवशी 150 टोपल्या आल्या आणि भाव 600 वर उतरला, एकूण 90 हजार. मासळी दीडपट आणि पैसे कमी. का? बंदरावर बर्फ कमी, साठवण नाही, मासळी त्याच रात्री हलली पाहिजे, आणि गिऱ्हाईक तेवढंच. मागणी अलवचिक. आता आंबा घ्या. एप्रिलच्या शेवटी डझनाचा भाव 800 वरून 600 वर आला आणि एका विक्रेत्याचा खप दिवसाला 40 डझनांवरून 60 वर गेला, तर गल्ला 32 हजारांवरून 36 हजारांवर जातो. भाव उतरूनही पैसे वाढले, कारण इतके दिवस महाग म्हणून न घेणारी माणसं आता घेऊ लागली. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी मांडलीत की लवचिकतेचा प्रश्न कुठूनही आला तरी उत्तर चुकत नाही.

एकदा मुद्दाम लिलावाला जाऊन उभे राहा, नुसते बघत. बोली कोण लावतं, किती जणी लावतात, कोण कोणाच्या विरुद्ध लावत नाही. होडीच्या मालकाने आगाऊ उचल कुठल्या व्यापाऱ्याकडून घेतलीय ते विचारा. उचल घेतलेली असेल तर मासळी त्याच व्यापाऱ्याला द्यावी लागते, आणि मग खुल्या बाजारातली किंमत आणि त्याला मिळालेली किंमत वेगळी पडते. पुस्तकातल्या पूर्ण स्पर्धेच्या अटी एकेक करून तपासा, कुठली अट कुठे मोडते ते लिहा. खलाशांना पगार नसून वाटा का असतो, याचंही उत्तर तिथेच मिळेल: समुद्रात काय लागेल ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून जोखीम वाटून घेतात. मोठे अर्थशास्त्रज्ञ यावर निबंध लिहितात, आणि आपल्या गावातला तांडेल, होडीचा प्रमुख, ते दोन वाक्यांत सांगतो. त्याच्याकडून आदराने ऐका, काका म्हणून हाक मारा, आणि काम चालू असताना मध्ये मध्ये करू नका.

स्थूल अर्थशास्त्रात देशांतर्गत उत्पन्न (हद्दीच्या आत झालेलं) आणि राष्ट्रीय उत्पन्न (आपल्या माणसांनी कुठेही कमावलेलं) यातला फरक मुलांना घोकूनही राहत नाही. आपल्याला तो घरातच आहे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. जवळजवळ 4.8 टक्के घट, आणि त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे 16 टक्क्यांनी वाढला. सिंधुदुर्गाचीही घटच झाली. रत्नागिरीत 2011 साली 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. मुलगे गेले कुठे ते आपल्याला माहीत आहे. चाकरमानी मुंबईत कमावतो आणि पैसे गावाला पाठवतो. त्याची कमाई जिल्ह्याच्या उत्पन्नात धरली जात नाही, कारण ते उत्पादन जिल्ह्याबाहेर झालं. पण त्या पैशावरच गावातलं घर उभं राहतं, गणपतीचा खर्च होतो, म्हातारीचं औषध येतं. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाचताना हे डोक्यात हवं.

हे आकडे कुठे मिळतात? राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी काढतं, मराठीत. जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही असतं, त्यात तालुकावार तक्ते असतात: किती क्षेत्र कशाखाली, किती बोटी, किती बँकशाखा. दर आठवड्याला एक तक्ता घ्या आणि त्यावर एक परिच्छेद लिहा. एकच, पण स्वतःचा. वर्षभर केलंत तर तिसऱ्या वर्षीच्या प्रोजेक्टला विषय शोधावा लागणार नाही. रिझर्व्ह बँकेचं पतधोरणही साधारण दर दोन महिन्यांनी येतं. रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते तो) काय झाला एवढंच न वाचता, महागाई 4 टक्क्यांच्या लक्ष्याच्या वर आहे की खाली आणि पतधोरण समितीच्या सहा जणांनी मतं कशी दिली ते पाहा.

वाचनात आपल्या मातीतली माणसं असू द्या. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. 1918 साली त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा छोटा आहे हीच अडचण असं सगळे म्हणत होते तेव्हा त्यांनी विचारलं की त्या तुकड्यावर भांडवल किती आहे, आणि शेतीवर बसलेले जादा हात दुसरीकडे जाणार कुठे. ज्याच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं आहेत त्या प्रत्येक कोकणी घराने हा निबंध वाचावा असं मला वाटतं. 1937 मध्ये खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात त्यांनीच आणलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावचे. ते केंब्रिजला शिकले ते निसर्गविज्ञान, अर्थशास्त्र नव्हे. विज्ञानातून इकडे येऊ पाहणाऱ्या मुलांनी त्यांचं चरित्र जरूर पाहावं.

फील्ड प्रोजेक्ट

याला थोडीच क्रेडिट असतात, पण मुलाखतीत विचारतात ते याबद्दलच. ‘कोकणातील पर्यटनाचा विकास: एक अभ्यास’ असला विषय घेऊ नका. त्यात सगळं येतं म्हणून काहीच येत नाही. छोटा, मोजता येणारा प्रश्न घ्या. आंब्याच्या एका पेटीला बागेपासून वाशीच्या मार्केटपर्यंत किती खर्च येतो? विचारायच्या गोष्टी घरी बसून आधी लिहा: खत, फवारण्या किती आणि कुठल्या, मोहरासाठीचं कल्टार हे औषध घातलं का, राखणदाराचा पगार, काढणीची मजुरी, खोका, पेंढा, गाडीभाडं, हमाली, आडत. मग दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, मागा. बागायतदार पट्ट्या जपून ठेवतात. नाव छापणार नाही असं आधीच सांगितलंत आणि पाळलंत तर दाखवतात. बाग स्वतः करतो की फळं आधीच व्यापाऱ्याला दिलीत, हे पहिल्यांदा विचारा, कारण खर्च कुणाचा आणि जोखीम कुणाची हे त्यावर ठरतं. दहा बागा नीट केल्यात तरी पुरे. शंभर गूगल फॉर्म पाठवून वीस उत्तरं मिळवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

घरच्या मजुरीला शून्य किंमत लावू नका. आई आणि वहिनी दोन महिने आंबे पुसून, प्रतवारी करून भरतात, त्यांचे दिवस धरा आणि गावातल्या रोजाच्या दराने किंमत लावा. ज्या प्रोजेक्टमध्ये हा रकाना असतो तो वाचताना मला फार आनंद होतो, आणि गुणही मी सढळ हाताने देते.

ऑन जॉब ट्रेनिंगला पतसंस्था, सहकारी बँक, काजू प्रक्रिया करणारा कारखाना, मच्छीमार सोसायटी, पंचायत समितीचं ऑफिस, सगळं चालतं. पत्र कॉलेजकडून न्या आणि पहिल्याच दिवशी विचारा की मला काय काम देणार. नुसतं रजिस्टर उतरवायला बसवत असतील तर मार्गदर्शक शिक्षकांना त्याच आठवड्यात सांगा.

भाषेबद्दल थोडं

मराठीतून पेपर लिहिता येतात, आणि मराठीतून लिहिणारी मुलं कुठे कमी पडत नाहीत. पण पुढच्या प्रवेशपरीक्षांचे पेपर बहुतेक इंग्रजीत असतात. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहीत जा. तिसऱ्या सेमिस्टरपासून आठवड्याला पाठ्यपुस्तकाची चार पानं इंग्रजीतून वाचायची सवय लावा, शब्दकोश शेजारी ठेवून. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी उलट करावं: बंदरावर आणि बागेत प्रश्न मराठीत विचारायचे असतात.

पुढे

चार वर्षांच्या पदवीचं चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के म्हणजे 7.5 सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी श्रेणी) लागतो, म्हणून पहिल्या वर्षाचे गुण ‘काय फरक पडतो’ म्हणून सोडू नका. चार वर्षं केलीत तर एम.ए. एका वर्षाचं, तीन केलीत तर दोन वर्षांचं. तुमचं कॉलेज चौथं वर्ष देत नसेल तर तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं एम.ए. चांगल्या ठिकाणी करणं मला जास्त बरं वाटतं. मुंबई विद्यापीठातला अर्थशास्त्राचा विभाग 1921 पासूनचा आहे, पुण्याची गोखले संस्था 1930 ची, आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था 1987 साली रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली. तिन्ही कोकण रेल्वेच्या आणि एसटीच्या टप्प्यात आहेत, घरच्यांना पटवायला हेही उपयोगी पडतं.

‘इकॉनॉमिक्स करून पुढे काय?’ हा प्रश्न घरी विचारला जाणार. त्याला उत्तर तयार ठेवा. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. नाबार्ड, सहकारी आणि राष्ट्रीयीकृत बँका, राज्यसेवा, सांख्यिकी विभाग, सामाजिक संस्थांमधलं सर्वेक्षणाचं काम, शिक्षकी, हे बाकीचे रस्ते. यातल्या बहुतेकांना पदवीबरोबर स्प्रेडशीट आणि सांख्यिकी येते का हे विचारलं जातं, म्हणून मी सुरुवातीपासून त्याच्या मागे लागले आहे.

वेळापत्रक असं ठेवा. पाचवं सेमिस्टर चालू असतानाच, गणपतीच्या सुट्टीच्या सुमारास, जॅमच्या फॉर्मवर लक्ष ठेवा. तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा असतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी पीजी त्याच्या पुढे मार्चच्या आसपास, फॉर्म डिसेंबर-जानेवारीत. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला दिवाळीआधी तहसीलमधून काढून ठेवा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीलाही तेच कागद लागतात. फोटो आणि सहीच्या फाइल फॉर्मला हव्या त्या मापात करून ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा. फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका, पावसात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदम जातात. परीक्षेचं केंद्र निवडताना पहिली पसंती अशा शहराला द्या जिथे रात्री मुक्कामाला नात्यातलं कुणी आहे.